साडेदहाची उपासना कोणाच्या सोयीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ तोंडावर आला की आपल्या जिल्हा पानावर चर्चची रोषणाई, गव्हाणीचा देखावा आणि केकचे फोटो येतात. ते यावेत, आमची तक्रार नाही. पण वर्षाला रविवार ५२ असतात, आणि खेड्यापाड्यातली ख्रिस्ती मंडळी टिकते की आटते हे त्या बिनरोषणाईच्या रविवारांवर ठरते. बाके रिकामी का, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात : मोबाइल, टीव्ही, तरुणांची अनास्था. आमच्या मते पहिले कारण चर्चच्या फाटकावर रंगवलेले असते. ‘उपासना : दर रविवारी सकाळी १०.३० वाजता.’

साडेदहाला आमच्याकडच्या बाजारपेठेच्या गावात मोकळे कोण असते? शिक्षक, नर्सबाई, बँकेतले कारकून, पेन्शनर. म्हणजे ज्यांना रविवारची सुटी आहे ते. कचेऱ्यांना ही सुटी इंग्रजांच्या काळापासून होती. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मिळाली. वावरात मात्र ती कधी आलीच नाही. शेतमजुराचा आठवडा रविवारी संपत नाही, बाजाराच्या दिवशी संपतो. त्या दिवशी चुकारा (मजुरीचे पैसे) होतो, त्या दिवशी तेल-मीठ-मिरची घेतली जाते, आणि त्याच दिवशी दुपारनंतर हात रिकामे असतात. बाजार मंगळवारचा असेल तर त्या गावचा खरा ‘विसावा’ मंगळवारी पडतो. पाटीवर तरीही रविवार आणि साडेदहाच.

आता हंगामाकडे पाहू. मृग लागला आणि शनिवारी रात्री दमदार पाऊस झाला, तर रविवारी वाफसा (पेरणीजोगी ओल) कधी येतो याकडे सगळ्यांचे डोळे असतात. वाफसा आला की पेरणी, मग ख्रिस्ती असो की आणखी कोणी. वाफसा चुकला तर माती आवळून येते, बियाणे वर येत नाही आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी आणि निंदण. पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशीच ही कामे होतात, आणि उघडीप वार बघून येत नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी. ती एकराच्या गुत्त्याने (ठेक्याने) घेतलेली असते, टोळी सकाळी सहालाच निघते. मग कापूस. सीतादहीपासून (पहिल्या वेचणीच्या पूजेपासून) उलंगवाडीपर्यंत (शेवटच्या वेचणीपर्यंत) बाया सकाळी नऊच्या सुमारास वावरात असतात, किलोवर मजुरी मिळते, संध्याकाळी काट्यावर माप होते आणि घरी परतायला सहा वाजतात. साडेदहाच्या उपासनेला यायचे म्हणजे अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवसाची वेचणी सोडायची, कारण मधल्या वेळात वावरापर्यंत ऑटो जात नाही. रब्बीत पुरुषांची वेगळी अडचण. हरभरा-गव्हाच्या ओलिताला कृषीपंपाची थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शनिवारची रात्र मोटरीपाशी काढलेला माणूस रविवारी साडेदहाला बाकावर बसलाच तर झोपणार, आणि वडीलमंडळी त्याच्याकडे डोळे वटारणार.

झोपेवरून आठवले. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात त्रोवस गावची सभा आहे. आठवड्याचा पहिला दिवस, भाकर मोडायला लोक जमलेले, माडीवर पुष्कळ दिवे लावलेले, आणि प्रेषित पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत चाललेले. खिडकीत बसलेला एक तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लांबलेल्या उपदेशाचा दाखला म्हणून ही गोष्ट आपल्याकडे हसत सांगतात. आम्हाला त्यातले दिवे महत्त्वाचे वाटतात. ती सभा रात्रीची होती. सुमारे इ. स. ११२ मध्ये प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमून गीत गातात. म्हणजे एक पुरावा रात्रीचा, एक पहाटेचा. साडेदहाचा कुठेच नाही.

सर्वांत बोलका दाखला रविवारच्या सुटीच्या कायद्यातच आहे. इ. स. ३२१ मध्ये कॉन्स्टन्टाइन बादशहाने रविवारी न्यायालये, शहरे आणि कारखाने बंद ठेवायचा हुकूम काढला. त्याच हुकमात खेड्यातल्या शेतकऱ्याला मोकळीक दिली, कारण धान्य पेरायला किंवा द्राक्षवेल लावायला तितका योग्य दुसरा दिवस पुष्कळदा मिळत नाही. बादशहाला वाफसा कळत होता. आमच्या चर्चच्या समित्यांना कळत नाही, याचे कारण सरळ आहे : समितीवर बहुतेक नोकरदार आणि निवृत्त नोकरदार असतात. मिशन कंपाउंडमधली घरे चर्चपासून हाकेच्या अंतरावर, वस्तीतली आणि खेड्यातली कुटुंबे पाच ते पंचवीस किलोमीटरवर. वेळ ठरवणारे पहिले, गैरहजर म्हणून टिपले जाणारे दुसरे.

आमची सूचना अशी. एप्रिलपासून मृगापर्यंत उपासना सकाळी साडेसातला. मृगापासून उलंगवाडीपर्यंत रविवारी संध्याकाळी सातला, आणि त्याशिवाय बाजाराच्या दिवशी दुपारी एकला पाऊण तासाची एक छोटी उपासना. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून ऑटो आणि एसटी भरभरून येतात, माणसे तशीही गावात असतात. बाजार भरतो दोननंतर, त्यामुळे कोणाचा खोळंबा होत नाही. पिशव्या आणि तेलाचे डबे चर्चच्या व्हरांड्यात ठेवायला जागा आणि एक राखणदार एवढेच लागते. रविवारी बाजार असलेल्या गावाचे तर सोपेच आहे, घंटा साडेदहाऐवजी एकला वाजवायची.

वेळ बदलण्याआधी मात्र वेळ पाळायला शिकावे लागेल. दमलेल्या माणसाला संध्याकाळी सात ते साडेनऊ बसवून ठेवले तर तो पुढच्या वेळी येणार नाही. मिनिटांचा हिशेब मांडून पाहा. तीन गीते १५ मिनिटे, पापांगीकार ५, स्तोत्राचे आळीपाळीने वाचन ४, जुन्या-नव्या करारातली दोन वाचने ६, विश्वासांगीकार २, मध्यस्थीच्या प्रार्थना ८, उपदेश २०, सूचना ३, दानार्पण ६, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद ३. बेरीज ७२ मिनिटे, सव्वा तासाच्या आत. मग प्रत्यक्षात दोन-अडीच तास कसे होतात?

पहिली गळती सुरुवातीलाच. पेटीवाला दुसऱ्या गावाहून येतो, त्याची वाट पाहत वीस मिनिटे जातात. वेळेवर आलेल्यांना ही शिक्षाच असते, आणि पुढच्या रविवारी तेही वीस मिनिटे उशिरा येतात. महिनाभरात साडेदहाची उपासना अकराची होते. उपाय एकच : ठरल्या मिनिटाला, समोर सहा जण असले तरी, स्तोत्राने सुरुवात करायची. पेटी नंतर येईल. दुसरी गळती गीतांची. पाश्चात्त्य चालीचे चार कडव्यांचे गीत चार मिनिटांत होते. देशी चालीचे भजन धृपद घोळवत म्हटले तर दहा मिनिटे सहज घेते. भजन कमी करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही, उलट रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांपासून ती आपली खरी कमाई आहे, आणि विदर्भात तर खंजिरी हाताला लागल्याशिवाय गळा मोकळा होत नाही. तीन गीतांत भजन एक ठेवा आणि तेच मनसोक्त घोळवा. सूर खाली धरा. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला मानवेल अशी काळी चार ही उंच पट्टी धरतो, बायांचा आवाज चिरतो, पुरुष खालच्या सप्तकात पुटपुटतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी मंडळी गप्प होते. मिश्र समुदायाला काळी एक किंवा काळी दोन पुरे.

सगळ्यात मोठी गळती ‘सूचना’ या नावाखाली होते. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, नवी गाडी, मुलाचा निकाल, प्रत्येकासाठी पुढे बोलावून वेगळी प्रार्थना, शिवाय कोणाची तरी साक्ष आणि कोणाचे तरी विशेष गीत. यातले काहीही वाईट नाही. पण सगळे उपदेशाच्या आधी घेतले की उपदेश सुरू होईपर्यंत मुले रडायला लागलेली असतात. नावे कागदावर घ्या, सर्वांसाठी मिळून एकच प्रार्थना करा, साक्ष महिन्यातून एकदा. पीक अर्पणाच्या सणाला लिलाव असतोच. भोपळे, तुरीचे पायली-दोन पायली, कोंबडी, अंडी, कापसाचे गाठोडे. तो लिलाव आशीर्वाद झाल्यावर बाहेर मांडवात घ्यावा, ज्याला थांबायचे तो थांबेल. एका कोंबडीवर अर्धा तास बोली चालते आणि ती मजेची असते, पण तिला उपासनेच्या पोटात जागा नाही.

संध्याकाळच्या उपासनेचे त्रास लपवून चालणार नाही. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पाखरांचा थवा जमतो. ती उपदेशकाच्या उघड्या पुस्तकावर पडतात आणि पेटीच्या भात्याजवळ शिरतात. आतले दिवे पिवळसर एलईडीचे ठेवावेत आणि एक पांढरा झगझगीत दिवा बाहेर, दारापासून वीस-पंचवीस फुटांवर लावावा. बरीच पाखरे तिकडे जातात. वीज जाईल हे धरूनच चालावे. माइकसाठी एक इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते, पंखे त्यावर चालवू नयेत. मिशनच्या जुन्या इमारतींवर कवेलू (मातीची कौले) होते, ते काढून बऱ्याच ठिकाणी टिनपत्रे चढली. कवेलू दरवर्षी फेरावे लागत, माकडे फोडत, म्हणून लोक कंटाळले. पण पत्र्यावर पाऊस कोसळला की माइक असूनही एक शब्द ऐकू येत नाही. अशा वेळी ओरडून उपदेश रेटू नये. गीत घ्यावे, सर कमी होईपर्यंत भजन चालू ठेवावे. पत्र्याखाली प्लायवूड किंवा फोम शीटचे छत मारले तर आवाज आणि एप्रिल-मेची धग दोन्ही कमी होतात, मात्र पत्रा आणि छत यांच्यात चार-सहा इंच पोकळी ठेवून दोन्ही टोकांना जाळी लावली नाही तर तिथे वटवाघळे आणि उंदीर बिऱ्हाड करतात.

बायांचा प्रश्न सर्वांत खरा. संध्याकाळी सातला चूल पेटलेली असते, आणि साडेआठला अंधारातून परतायचे असते, रस्त्यावर रानडुकरे, कडेला साप. म्हणून दर महिन्याच्या एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातच वरण-भात किंवा मसालेभात शिजवावा. तो पुरुषांनी रांधावा, हे मुद्दाम लिहितो आहोत. बाकीच्या रविवारी परतीच्या रस्त्याप्रमाणे गट करून निघावे, प्रत्येक गटात दोन बॅटऱ्या असाव्यात.

प्रभुभोजनाच्या (पाव आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या) वेळेचा तर फारच विचार हवा. ते दीक्षित पाळकाशिवाय (धर्मगुरूशिवाय) होत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी येते, आणि तेही साडेदहाला. म्हणजे कापसाच्या चार-पाच महिन्यांत वेचणीवाल्या बाया प्रभूच्या मेजावर नसतातच. करिंथच्या मंडळीला पौलाने याच गोष्टीवरून झापले होते. काही जण आधीच खाऊन मोकळे, काही जण उपाशी. उपायही त्याने तिथेच सांगितला आहे, पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातले ३३ वे वचन पाहावे : एकमेकांची वाट पाहा. वाट पाहायची तर ती संध्याकाळपर्यंत पाहावी लागेल.

वेळ संध्याकाळची झाली की द्राक्षरसाची रीतही बदलते. आपल्याकडे ताजी द्राक्षे बारमाही मिळत नाहीत, म्हणून काळ्या मनुकांचा रस करतात. पाव किलो मनुका कोमट पाण्याने दोनदा धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळायच्या, निवल्यावर कुस्करून दुपदरी सुती कापडातून गाळायच्या. लहान कपात आठ-दहा मिलिलिटर ओतले तर पन्नास जणांना सहज पुरतो. सकाळच्या उपासनेसाठी शनिवारी रात्री उकळून ठेवलेला रस हिवाळ्यात टिकतो. तोच रस मे महिन्यात झाकण लावून बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी फेसाळतो आणि आंबूस लागतो. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तर मुळीच ठेवू नये, कळकतो. स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे. संध्याकाळच्या प्रभुभोजनासाठी रस त्याच दिवशी सकाळी उकळावा, पूर्ण निवला की फ्रिजमध्ये ठेवावा आणि अर्धा तास आधी बाहेर काढावा. पावाचे तुकडेही सकाळी कापून ठेवले की संध्याकाळपर्यंत खडखडीत होतात. ते ओल्या कापडाखाली ठेवतात, मग खालचे लिबलिबीत होतात. त्यापेक्षा पाव अख्खा ठेवून उपासनेच्या पाऊण तास आधी कापावा. वेदीपुढच्या रेलिंगपाशी एका वेळी आठ जण गुडघे टेकतात, एका फेरीला चार मिनिटे, चाळीस जणांना वीस मिनिटे. त्यात प्रार्थनेची दहा-बारा मिनिटे धरा. म्हणजे त्या दिवशी उपदेश दहा मिनिटांचा करावा. हे पाळकांना आवडणार नाही.

पाळकांची बाजूही बघायला हवी. पाळक एक आणि गावे चार-पाच, ही आमच्या भागातली नेहमीची स्थिती. यवतमाळात १९५३ साली सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेले, तोवर निदान उपदेश शिकणारे विद्यार्थी जिल्ह्यात होते. आज मुख्य गावची साडेदहाची उपासना साडेबाराला आटोपते, कोणाकडे तरी जेवण, मग दुचाकीवर वीस किलोमीटर, दुपारी अडीचला दुसऱ्या गावात. तिथे त्या वेळी म्हातारी माणसे आणि मुले तेवढी असतात. तिसऱ्या गावाची पाळी पंधरा दिवसांनी, चौथ्याची महिन्याने. सांगितलेल्या वेळा धरल्या तर शनिवारी संध्याकाळी एक खेडे, रविवारी संध्याकाळी मुख्य गाव, आणि बाकीच्या खेड्यांची माणसे बाजाराच्या दिवशी स्वतःच गावात. पेट्रोलही वाचते. शनिवार संध्याकाळ म्हटल्यावर दचकायचे कारण नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे आदल्या संध्याकाळचा मिस्सा रविवारचा म्हणूनच धरला जातो.

दानाचाही वाराशी संबंध आहे. चुकारा मंगळवारी होत असेल तर रविवारी खिशात उरलेले असते ते चिल्लर. थैलीत दहाची नोट पडते, आणि समिती म्हणते श्रद्धा कमी झाली. बाजाराच्या दिवशीच्या उपासनेत थैली फिरवून पाहा. मोजणी मात्र तिथल्या तिथे, दोघांनी मिळून, वहीत नोटांची फोड लिहून आणि दोघांच्या सह्या घेऊन व्हावी. घरी नेऊन मोजलेल्या पैशावरून मंडळ्या फुटतात.

‘रविवार हा प्रभूचा दिवस, तो कसा बदलता?’ असे विचारले जाईलच. आम्ही रविवार बदला म्हणत नाही. रविवारातले साडेदहा बदला म्हणतो आणि आठवड्यात एक उपासना वाढवा म्हणतो. शब्बाथ (विसाव्याचा दिवस) मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे ज्याने सांगितले त्याचे शिष्य त्या दिवशी पिकातून जाताना कणसे मोडत होते.

आपल्याकडे मागणे दोन. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात कीर्तन-भजनांबरोबर उपासनेच्या वेळाही हंगामाप्रमाणे छापाव्यात. पाटी पुन्हा रंगवायला समिती वर्ष लावते, आणि खेड्यातला माणूस पाटी नव्हे, पेपर वाचतो. दुसरे, बातमीत प्रत्येक ख्रिस्ती धर्मगुरूला ‘फादर’ आणि प्रत्येक उपासनेला ‘मास’ लिहिले जाते. कॅथलिकांकडे फादर आणि मिस्सा. बाकीच्या मंडळ्यांत पाळक किंवा रेव्हरंड, आणि उपासना. येत्या आठवड्यापासून आमच्या तालुक्यातल्या वेळा प्रत्येक गुरुवारी दुपारपर्यंत आपल्या वार्ताहराकडे लेखी पोहोचत्या करू.

आपले,
एका ग्रामीण मंडळीतील काही वडील (मंडळीचे कारभारी) आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षिका
जि. यवतमाळ
(नावे छापू नयेत, ही विनंती.)